मैल म्हणजे नक्की किती? रस्त्यावरचा वेगळा, समुद्रातला वेगळा

२०२५ च्या मे महिन्यात केरळजवळच्या समुद्रात एमएससी एल्सा ३ हे कंटेनर जहाज बुडालं तेव्हा बातम्यांमध्ये एक आकडा सारखा येत होता, कोचीपासून ३८ नॉटिकल मैल. आता आपल्यातले बहुतेक जण असा आकडा ऐकून काय करतात, तर मैल म्हणजे १.६ किलोमीटर हे शाळेत पाठ झालेलं असतं, त्याने गुणतात आणि ६१ किलोमीटर असं उत्तर काढून पुढे जातात. पण खरं अंतर होतं ७० किलोमीटर. गुणाकार बरोबर, तरी नऊ किलोमीटरची चूक.

चक्रीवादळ आलं की हेच, नौदलाची बातमी असली की हेच, मासेमारी बोटींवर कारवाई झाली की परत हेच. १२ नॉटिकल मैल, २०० नॉटिकल मैल, ६० नॉट वेगाचा वारा. कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचं पोट या आकड्यांवर चालतं आणि तरी बातमीत हे कुणी दोन ओळीत समजावून सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून पहिल्यापासून सांगतो, थोडं लांबेल पण गणित सगळं सातवी-आठवीचंच आहे.

आधी रस्त्यावरचा साधा मैल

हा आपल्या ओळखीचा. १७६० वार, म्हणजे ५२८० फूट, म्हणजे १६०९.३४४ मीटर. पॉइंटनंतरचे तीन आकडे मुद्दाम लिहिले, कारण हे माप इतकं पक्कं १९५९ मध्ये झालं. त्याआधी अमेरिकेचा वार आणि ब्रिटनचा वार यांच्यात केसभर फरक होता. शेवटी इंग्रजी मापं वापरणाऱ्या सहा देशांनी बसून ठरवलं की एक वार म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर, आणि त्यातून मैल आपोआप ठरला. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या जमीन मोजणीवाल्यांनी त्यानंतरही आपला जुना फूट सोडला नाही, त्यांचा मैल तीन मिलिमीटरने मोठा होता आणि तो २०२२ च्या शेवटी अधिकृतपणे बंद केला. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण नकाशावरचे आकडे हजारो किलोमीटर लांबच्या बिंदूपासून मोजलेले असले की तेच मीटरमध्ये जातं, आणि पुलाचा खांब दोन मीटर सरकला तर काय होईल याची कल्पना करा.

भारतात मैल कागदावरून गेला त्याला आता साठ वर्षं होऊन गेली. १९५६ चा वजनं-मापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. बोलण्यातून मात्र तो गेला नाही, मैलाचा दगड आहे, मैलोन्‌मैल आहे, आणि आजी-आजोबांच्या पिढीची शाळा कायम तीन-चार मैलांवरच असते. मुंबईत तर खरेखुरे मैलाचे दगड अजून आहेत. ब्रिटिशांनी फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजून काळबादेवीपासून पार शीवपर्यंत दगड रोवले होते, रस्ते आणि फुटपाथ वर वर येत गेले तसे त्यातले बरेच जमिनीत गेले, काही अलीकडे महापालिकेने बाहेर काढून नीट केले. कधी दिसला तर थांबून बघा, रोमन आकड्यात मैल कोरलेले असतात.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना रोज हा हिशोब करावा लागतो, त्यांच्यासाठी सोपी युक्ती आहे. ५ मैल म्हणजे जवळपास ८ किलोमीटर, ८ मैल म्हणजे जवळपास १३, १३ मैल म्हणजे जवळपास २१. ही तीच प्रसिद्ध साखळी आहे ज्यात मागचे दोन आकडे मिळवले की पुढचा येतो, आणि योगायोगाने मैल-किलोमीटरचं गुणोत्तर तिच्या अगदी जवळ पडतं.

सुरुवात झाली रोमन सैनिकांच्या पावलांपासून

मैल हा शब्द लॅटिनमधल्या हजार या अर्थाच्या शब्दावरून आला. हजार कशाचे, तर पावलांचे. पण रोमन लोकांचं पाऊल म्हणजे आपण धरतो तसं एक पाऊल नव्हे, डावा पाय जमिनीवर टेकला, मग उजवा, मग परत डावा टेकला की त्यांचं एक पाऊल पूर्ण व्हायचं. हे पाऊल ५ रोमन फुटांचं धरलेलं होतं. रोमन फूट आजच्या फुटापेक्षा जरा लहान, साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे रोमन मैल साधारण १४८० मीटर भरतो.

फौज चालवायची तर हे माप फार सोयीचं. डावा पाय हजार वेळा टेकला की एक मैल, मोजायला कुठलं यंत्र लागत नाही. रोमन लोकांनी जिथे जिथे रस्ते बांधले तिथे दर मैलाला दगडी खांब उभा केला, आणि मैलाचा दगड ही कल्पना तिथून युरोपभर आणि पुढे ब्रिटिशांबरोबर आपल्याकडे आली.

आपल्याकडेही अंतर मोजायला कोस होताच, साधारण दोन मैलांचा धरतात, पण तो प्रांताप्रांतात आणि राजवटीगणिक बदलायचा. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, कोस स्वतःही बदलत होता.

मग ५२८० हा विचित्र आकडा कुठून आला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. रोमन मैल ५००० फुटांचा होता, छान गोल आकडा. इंग्रजांनी तो ५२८० का केला?

कारण शेतजमीन. इंग्लंडमध्ये फर्लांग नावाचं माप आधीपासून रुजलेलं होतं, नांगराची एक लांब तास, म्हणजे सरी, बैलांची जोडी दम न खाता जेवढी ओढेल तेवढी. जुन्या लोकांच्या तोंडी फर्लांगभर अंतर असं अजून येतं, तोच हा. तो ६६० फुटांचा होता. एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद अशी पट्टी म्हणजे एक एकर. आता मैल ८ फर्लांगांचा धरायचा अशी रीत होती, पण ८ गुणिले ६६० म्हणजे ५२८०, ५००० नाही. कुणीतरी एकाने बदलायला हवं होतं. फर्लांग बदलला असता तर एकर बदलला असता, आणि एकर बदलला असता तर देशातल्या प्रत्येक जमिनीचे कागद, प्रत्येकाचा शेतसारा, सगळं परत लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा मैल लांबवणं सोपं होतं. १५९३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कायद्यात लिहिलं गेलं की मैल म्हणजे ८ फर्लांग.

आणि तो कायदा मापांचा नव्हताच! लंडनमध्ये गर्दी वाढली होती, एकेका घरात अनेक बिऱ्हाडं घुसत होती, म्हणून शहराच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवीन बांधकाम करायचं नाही असा तो कायदा होता. आता तीन मैल म्हणजे कुठपर्यंत हे सांगायचं तर मैल म्हणजे काय हे आधी लिहिणं भाग पडलं. बांधकामबंदीची हद्द ठरवायला केलेली व्याख्या आज चारशे वर्षांनी अमेरिकेच्या हायवेवर चालते.

याचा आपल्या सातबाऱ्याशीही संबंध आहे. ६६ फुटांची साखळी १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने मोजणीसाठी बनवली, अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल. तिची बरोबर अर्धी ३३ फुटांची साखळी. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा किती, तर १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा. असे ४० गुंठे केले की ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर. गुंठ्याचा आकडा हजार किंवा अकराशे असा गोल का नाही हे ज्यांना कोडं वाटतं त्यांना उत्तर हे आहे, तो इंग्रज नांगराच्या तासेतून आलाय. आता कागदावर हेक्टर-आर असतं आणि एक आर म्हणजे १०७६ चौरस फूट, गुंठ्याच्या इतकं जवळ की लोक दोन्ही एकच समजतात, पण एकराच्या हिशोबात त्या तेरा फुटांचे पाचशेच्या वर चौरस फूट होतात, तेव्हा व्यवहार करताना कोणतं माप लिहिलंय ते बघाच.

प्रत्येक देशाचा आपला मैल, आणि कोलंबसचा चुकलेला हिशोब

एकोणिसाव्या शतकापर्यंत मैल म्हटल्यावर नुसतं मैल म्हणून चालायचं नाही, कुणाचा ते सांगावं लागायचं. आयर्लंडचा मैल दोन किलोमीटरच्या वर, जर्मन मैल साडेसात किलोमीटर, रशियाचाही तेवढाच. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये तर आजही लोक रोजच्या बोलण्यात मैल म्हणजे १० किलोमीटर धरतात, तेव्हा तिकडे गेलात आणि कुणी म्हणालं इथून दोनच मैल, तर चालत निघू नका.

या गोंधळाने जगाच्या इतिहासाला कसं वळण दिलं ते सांगतो. नवव्या शतकात बगदादचा खलिफा अल-मामून याने आपल्या खगोलशास्त्रज्ञांना सपाट वाळवंटात पाठवलं आणि पृथ्वीचा एक अंश जमिनीवर किती लांब भरतो ते मोजायला सांगितलं. आकाशातल्या सूर्याची किंवा ताऱ्याची उंची एका अंशाने बदलेपर्यंत सरळ उत्तर-दक्षिण चालत जायचं आणि अंतर मोजायचं. उत्तर आलं ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल, आणि अल-फरगानी या विद्वानाने ते ग्रंथात लिहून ठेवलं. अरबी मैल जवळपास दोन किलोमीटरचा होता, म्हणजे एक अंश १११ किलोमीटरच्या आसपास, आजच्या मोजमापाशी ताडून बघा, आश्चर्य वाटावं इतकं अचूक.

सहाशे वर्षांनी कोलंबसने हाच आकडा उचलला. पण मैल त्याने आपल्याकडचा, इटालियन-रोमन वळणाचा, १४८० मीटरवाला धरला. मग पृथ्वीचा घेर आला साधारण ३०,००० किलोमीटर, खरा आहे ४०,०००. पृथ्वी एक चतुर्थांशाने आक्रसली! त्यात आशिया खंड पूर्वेकडे खूप लांब पसरलेला आहे असाही त्याचा समज होता, त्यामुळे स्पेनहून पश्चिमेला निघालं की थोड्याच आठवड्यांत जपान लागेल हा हिशोब त्याला पटला. विरोध करणारे विद्वान पृथ्वी सपाट आहे म्हणत होते ही समजूत चुकीची आहे, ते म्हणत होते अंतर फार जास्त आहे, मधेच अन्नपाणी संपेल, आणि त्यांचं बरोबर होतं. १४९२ मध्ये मधे अमेरिका आली म्हणून ती माणसं वाचली.

समुद्री मैल: याची जातच वेगळी

आता मूळ मुद्दा. आत्तापर्यंतचे सगळे मैल पावलांतून नाहीतर शेतातून आले. समुद्रात पावलं टाकता येत नाहीत, साखळी पसरता येत नाही, दगड रोवता येत नाही. खलाशाला एकच गोष्ट करता येते, आकाशातल्या ध्रुवताऱ्याची किंवा दुपारच्या सूर्याची उंची मोजायची, आणि त्यावरून आपण पृथ्वीवर उत्तर-दक्षिण कुठे आहोत ते काढायचं. हे उत्तर येतं अंशांत. मग अंतरही अंशांतच मोजलं तर?

एक कलिंगड डोळ्यासमोर आणा, ज्यावर देठापासून खालपर्यंत गडद पट्टे असतात. देठ म्हणजे उत्तर ध्रुव, खालचं टोक दक्षिण ध्रुव, आणि पट्टे म्हणजे रेखांश. एका पट्ट्यावरून सरळ देठाकडे निघालात की तुमचा अक्षांश वाढत जातो, मधल्या पोटाला शून्य आणि देठाशी ९० अंश. या प्रत्येक अंशाचे ६० भाग केले, त्या एका भागाला मिनिट म्हणतात, हे मिनिट कोनाचं, वेळेशी त्याचा संबंध नाही. असं एक मिनिट पुढे सरकायला पृथ्वीच्या पाठीवर जेवढं अंतर कापावं लागतं तो एक समुद्री मैल, म्हणजेच नॉटिकल मैल.

बस, एवढंच आहे. म्हणजे हा मैल पृथ्वीच्याच घेराचा एक तुकडा आहे. पूर्ण फेरी ३६० अंशांची, गुणिले ६०, म्हणून पृथ्वीचा घेर साधारण २१,६०० समुद्री मैल.

याचा फायदा कोकणात लगेच दिसतो, कारण आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. मुंबईचा कुलाबा साधारण १८ अंश ५४ मिनिटांवर, रत्नागिरी साधारण १७ अंशांवर. फरक १ अंश ५४ मिनिटं, म्हणजे ६० अधिक ५४, ११४ मिनिटं. झालं, उत्तर-दक्षिण अंतर ११४ समुद्री मैल, कॅल्क्युलेटर नको काही नको. सागरी नकाशावर तांडेल किंवा कॅप्टन हेच करतो, कंपासपेटीत असतो तसला डिव्हायडर दोन ठिकाणांवर ठेवायचा आणि तसाच उचलून नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेवर टेकवायचा, जेवढी मिनिटं तेवढे मैल. फक्त वरच्या-खालच्या कडेवर टेकवायचा नाही, कारण तिथे रेखांश असतात आणि रेखांशाचे पट्टे देठाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात, मुंबईच्या अक्षांशावरच रेखांशाचं एक मिनिट समुद्री मैलाच्या पंच्याण्णव टक्के उरतं.

पण पृथ्वी तर पूर्ण गोल नाही, मग मैल सगळीकडे सारखा कसा?

ही शंका अगदी रास्त आहे. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे, म्हणून अक्षांशाचं एक मिनिट विषुववृत्ताजवळ १८४३ मीटर भरतं आणि ध्रुवांजवळ १८६२ मीटर. आपल्या मुंबईच्या आसपास ते १८४५ मीटर येतं.

हा फरक किती, हे शोधायला माणसांनी अक्षरशः आयुष्यं घातली आहेत, आणि त्यातल्या एकाची कबर महाराष्ट्रात आहे. विल्यम लॅम्बटन, याने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने जमीन मोजायला सुरुवात केली, त्यातूनच भारताची ती प्रचंड त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. नकाशा बनवणं हे काम होतंच पण त्याचा ध्यास होता दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेका अंशाची लांबी मोजत जायचा, म्हणजे पृथ्वीचा खरा आकार कळेल. अर्धा टन वजनाचं कोन मोजायचं यंत्र देवळांच्या गोपुरांवर चढवायचे, जंगलं तुडवायची, तापाने माणसं मरायची. वीस वर्षं हे काम करून १८२३ मध्ये तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती रेघ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. नागपूरचा झिरो माईलचा खांब १९०७ मध्ये याच मोजणीचा भाग म्हणून बसवलेला आहे, भारताचा मध्यबिंदू म्हणून तो ओळखला जातो पण तो मुळात समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की करायचा संदर्भ-दगड आहे, साधारण १०२० फूट. हिंगणघाटच्या कबरीकडे आपलं जास्त लक्ष जायला हवं असं मला फार वाटतं.

तर, मिनिट जागेप्रमाणे बदलतं म्हटल्यावर देशादेशांनी आपापली सरासरी धरली, ब्रिटनने ६०८० फूट, अमेरिकेने त्याच्या जवळपास. १९२९ मध्ये मोनाको इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १८५२ मीटर ठरलं. अमेरिकेने ते १९५४ मध्ये मानलं, ब्रिटनने १९७० मध्ये. कायद्यात आणि करारात समुद्री मैल म्हणजे बरोबर १८५२ मीटर.

हा १८५२ आकडाही हवेतून आलेला नाही. फ्रेंच क्रांतीच्या काळात मीटर ठरवला तोही पृथ्वीवरूनच, विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचं अंतर १ कोटी मीटर धरायचं असं. तेच अंतर मिनिटांत किती, ९० गुणिले ६०, म्हणजे ५४००. एक कोटीला ५४०० ने भागून बघा, १८५१.८५ येतं.

नॉट म्हणजे काय?

एका तासात एक समुद्री मैल हा वेग म्हणजे एक नॉट. तास त्यातच आला, म्हणून ताशी ६० नॉट म्हणायची गरज नाही, नुसतं ६० नॉट. नाव आलं दोरीच्या गाठींवरून. पूर्वी जहाजाच्या मागून लाकडी फळी बांधलेली दोरी सोडायचे, फळी पाण्यात जागच्या जागी राहायची, जहाज पुढे जायचं आणि दोरी सुटत जायची. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच असायचं, आणि २८ सेकंदांना ते अंतर म्हणजे तासाला जवळपास एक समुद्री मैल हे कुणीही गुणून बघू शकतं.

वादळाच्या बातमीत हे उपयोगी पडतं. हवामान खात्याच्या वर्गवारीत वाऱ्याचा वेग ३४ नॉटला पोचला की कमी दाबाच्या क्षेत्राचं नाव बदलून चक्रीवादळ होतं. ३४ नॉट म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर. पटकन अंदाज हवा तर दुप्पट करा आणि थोडं कमी धरा.

किलोमीटर असताना हे जुनं माप अजून कशाला?

मी मेट्रिक पद्धतीच्या पूर्ण बाजूने आहे, फूट-इंच-पौंड हे सगळं गेलं त्याचं मला अजिबात दुःख नाही. पण समुद्री मैलाची गोष्ट वेगळी आहे आणि तो टिकलाय तो सवयीमुळे नाही. मोबाईल असो की जहाजावरचं महागडं यंत्र, जीपीएस शेवटी तुमची जागा अक्षांश-रेखांशातच सांगतं. सागरी नकाशाच्या कडेला मिनिटंच छापलेली असतात. संकटात सापडलेली बोट वायरलेसवर आपली जागा अंश-मिनिटांत सांगते, आणि ऐकणाऱ्याने पाटी-पेन्सिल न घेता अंतराचा अंदाज बांधायचा तर मिनिट म्हणजे मैल हे नातं लागतं. विमानंही लांब पल्ल्याला हेच करतात, म्हणून पायलट अंतर समुद्री मैलात आणि वेग नॉटमध्ये बोलतात. पृथ्वीला ३६० अंशांत वाटणं चालू आहे तोवर हे माप उपयोगी आहे.

खोलीचं माप मात्र वेगळं, कोळी लोक आजही पाणी वावात सांगतात, दोन्ही हात पसरले की एक वाव, सहा फुटांच्या आसपास. त्याचा मैलाशी गोंधळ करू नका.

१२, २४ आणि २००: हद्दीचे आकडे

जुन्या काळी देशाची समुद्री हद्द किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जिथवर पोचेल तिथवर मानायचे, आणि त्याचं रूढ माप झालं ३ समुद्री मैल. भारताने १९५६ मध्ये आपली हद्द ६ मैलांवर नेली, १९६७ मध्ये १२ वर. १९७६ मध्ये सागरी क्षेत्रांचा सविस्तर कायदा झाला, आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारातही हेच आकडे आहेत.

१२ मैलांपर्यंत, म्हणजे २२.२ किलोमीटर, पाणी देशाचं, जवळपास जमिनीसारखं. परदेशी जहाज शांतपणे नुसतं पुढे जात असेल तर जाऊ द्यायचं, एवढी सूट. २४ मैलांपर्यंत तस्करी, जकात अशा बाबतींत कारवाईचा अधिकार. २०० मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटर, आर्थिक क्षेत्र, तिथले मासे आणि तळाखालचं तेल-वायू यावर हक्क आपला, पण जहाजं कुणाचीही मोकळी जातात. १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर आहे, म्हणजे १२ च्या कितीतरी बाहेर आणि २०० च्या आत, या एका उदाहरणावरून तो २०० चा आकडा किती मोलाचा आहे ते कळतं. आणि सुरुवातीचं ते बुडालेलं जहाज, त्याचे ३८ मैल कोचीपासूनचे होते, जवळच्या किनाऱ्यापासूनचे नाहीत, पण तेही १२ च्या बाहेर आणि आर्थिक क्षेत्राच्या आत.

हे मैल मोजायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. वाळूच्या कडेपासून नाही, ओहोटीच्या रेषेपासून. जिथे खाड्या आणि बेटांमुळे किनारा फार वेडावाकडा आहे तिथे टोकं सरळ रेघेने जोडून पायारेषा आखतात आणि तिथून मोजतात. त्यामुळे आपण किनाऱ्यावर उभं राहून धरलेले १२ आणि कायद्यातले १२ यांत फरक पडू शकतो.

मच्छीमारांसाठी हा फरक किती मोठा आहे

१२ समुद्री मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, तिथे महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा चालतो, पुढचं पाणी केंद्राकडे. पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे माशांचा थवा घेरून खालून पिशवीसारख्या आवळायच्या मोठ्या जाळ्यांवर, राज्याच्या हद्दीत कडक बंधनं आहेत, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड लाखांत गेले. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला तर केंद्राने २०१७ मध्ये बाहेरच्या आर्थिक क्षेत्रातही बंदी घातली, म्हणजे ते आतही नाही आणि बाहेरही नाही.

आता बोटीवरच्या किंवा हातातल्या जीपीएसमध्ये अंतराचं माप निवडायची सोय असते, साधा मैल, समुद्री मैल, किलोमीटर. समजा चुकून साधा मैल लागलेला आहे आणि स्क्रीनवर १२ दिसले. तांडेलाला वाटणार आपण हद्दीच्या कडेला पोचलो. पण साधे १२ मैल म्हणजे १९.३ किलोमीटर, समुद्री मैलात १०.४. हद्द अजून जवळपास तीन किलोमीटर पुढे आहे, आणि गस्तीची बोट आली तर तिच्या यंत्रात समुद्री मैलच असणार. बंदरातून निघायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन नॉटिकल लिहिलंय का ते बघायचं, आणि ते मिळत नसेल तर किलोमीटर लावून २२.२ चा आकडा धरायचा, वर ओहोटीच्या रेषेचा फरक म्हणून एखादा किलोमीटर जास्तच सोडायचा.